जे गावात नाहीत त्यांची यादी

४ सप्टेंबर, सोमवार

ही वही आत्याच्या कपाटातून उचलली. पहिल्या दोन पानांवर तिने पडद्यांची मापं लिहून ठेवलीत. कोणाचे पडदे, कधीचे, देव जाणे. या घराला पडदेच नाहीत. पानं फाडली नाहीत, तिसऱ्यापासून लिहितेय.

आले होते चार दिवसांसाठी. एक हंगाम फळबागेत पेट्या ठोकल्या, एक हंगाम नावेवर दोर ओढले, आता मिठागरावर माणसं घेतायत असं कळलंय. ट्रक दर शुक्रवारी पुलापासून सुटतो. मध्ये आत्याला भेटावं म्हणून उतरले, तर आज भलतंच होऊन बसलं.

आत्या शाळा मंडळाची कारकून. वीस वर्षं झाली. सकाळी म्हणाली, "चल, खुर्च्या मांडायला माणूस नाही." गेले. वरून परिपत्रक आलंय म्हणे, की मंडळावर सातवा सदस्य माजी विद्यार्थ्यांतून चिठ्ठी काढून घ्यायचा. बिस्किटांच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या, शंभरावर तरी. अध्यक्षांनी हात घातला, एक काढली, वाचली. माझं नाव!

आत्या म्हणाली, "अगंबाई." आत्या कधीही अगंबाई म्हणत नाही.

अध्यक्षांचं लाकडी सामानाचं दुकान आहे. कुठलंही टेबल दिसलं की बोटाच्या पेरांनी ठोकून बघतात. त्यांनी मला तसंच बघितलं. "ही शिकलीय किती?"

"आठवी अर्धी," मी म्हणाले.

"परिपत्रकात माजी विद्यार्थी म्हटलंय," आत्या म्हणाली. "पास झालेला म्हटलेलं नाही."

"गप्प बसणारी आहे ना पण?"

"गरीब गाय आहे हो."

मला हसू दाबताना खोकला आला. माझ्या बाकावर बसायची ती तोतरी मुलगी चिठ्ठ्यांत होती का ते मला बघायचं होतं, पण तोवर आत्याने सगळा डबा चहाच्या शेगडीत उपडा केला होता. म्हणाली, "गुप्त असतं ते." निकाल लागल्यावर काय गुप्त? पण आत्याशी कोण डोकं लावणार.

शुक्रवारचा ट्रक आहेच. तोवर सदस्य.

८ सप्टेंबर, शुक्रवार

ट्रक गेला. आज पहिली बैठक होती आणि चहाबरोबर केक असतो असं कळल्यामुळे थांबले. केक होता. शिळा होता.

मंडळात सात जण. अध्यक्ष. औषधाच्या दुकानाचे काका, कोणाशीही वाकडं घेत नाहीत. छापखान्याचे दोघे भाऊ, यांचं मत एकच, फक्त दोनदा पडतं. निवृत्त कवायत मास्तर, बैठकीत झोपतात पण पाठ ताठ ठेवून. शिक्षकांतर्फे गणिताच्या बाई, एक शब्द बोलत नाहीत. आणि मी.

काम असं, की मंडळाने वर्षभर कसं काम केलं याचे गुण मंडळानेच मंडळाला द्यायचे. बारा मुद्दे, प्रत्येकाला पाचपैकी. फॉर्म पेन्सिलीने भरायचा. मग अध्यक्ष ते घेऊन जातात, "मेळ बसतो का" बघतात, बसत नसेल तिथे खोडरबर. मग आत्या शाईने गिरवते. गेली नऊ वर्षं सरासरी चार पूर्णांक सात. मी फळबागेत स्वतःच्या पेट्या स्वतःच मोजायचे तेव्हा मुकादम असाच खूश असायचा.

आत्याने जुन्या फायली दाखवल्या. पुढल्या वर्षाची ध्येयंही तीच. "सर्वांगीण प्रगती साधणे." नऊ वर्षं तेच वाक्य, वर्ष तेवढं बदललेलं. एका वर्षी तेही बदलायचं राहून गेलंय.

मास्तरांनी कानात सांगितलं, "पोरी, सगळीकडे चार टाक. एखाद्या ठिकाणी पाच. प्रामाणिक दिसतं."

मी टाकले. खोटं कशाला लिहू, टाकले आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

११ सप्टेंबर, सोमवार

आत्याचे कपडे आणायला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीकडे गेले. तिचा उजवा हात मनगटात वाकडा जुळलाय. चार-पाच महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडली. आता जड इस्त्री तिची मुलगी फिरवते. असेल तेरा वर्षांची. समोर भिंतीला पुस्तक टेकवलेलं, कॉलर फिरवता फिरवता वाचत होती. तिला सगळे वकीलबाई म्हणतात, आणि का ते दोन मिनिटांत कळलं.

"आज सोमवार ना गं? शाळेत नाही गेलीस?"

"मी या गावातच नाही."

"म्हणजे?"

"आईचा हात मोडला तेव्हा दोन महिने घरी राहिले. परत गेले तर म्हणे रजिस्टरात तू स्थलांतरित. गाव सोडून गेलीस. परत यायचं तर जिथे गेलीस तिथल्या शाळेचा दाखला आण."

"पण तू गेलीच नव्हतीस."

"तेच म्हणाले मी. त्यांनी रजिस्टर दाखवलं."

तिची आई म्हणाली, "तू इतकी हिंडलीस म्हणतात. तुला ठाऊक आहे का असं गाव, न गेलेल्या माणसाला दाखला देणारं?"

मी हसले. ती हसत नव्हती. ३ ऑक्टोबरला सहामाही आहे. सहामाहीला नसेल त्याचं वर्ष गेलं. आणि आठवीचं वर्ष गेलं की पुढे काय होतं, ते मला सांगायला नको.

घरी आले तेव्हा कपडे तिथेच विसरून आले होते. परत गेले. वकीलबाई म्हणाली, "तुमचं लक्ष कुठे असतं?" मोठ्या माणसाला असं बोलतात का? पण प्रश्न बरोबर होता.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सदस्याला रजिस्टर बघता येतं. नियम आहे. आत्याने किल्ली दिली आणि स्वतः पाणी प्यायला गेली ती अर्ध्या तासाने आली.

तीन वर्षांत एकतीस मुलं "स्थलांतरित". शाळा सोडली असं एकही नाही. म्हणूनच बारा मुद्द्यांतल्या सातव्याला, "विद्यार्थी टिकवणे", दरवर्षी पाच. शाळा कोणी सोडतच नाही, फक्त गाव सोडतात. एवढी माणसं गाव सोडत असती तर इथे खोल्या स्वस्त झाल्या असत्या.

मग सहज मागे गेले. दहा वर्षं. मी आठवीत प्रयोगशाळेतला तराजू पाडला होता. काच फुटली, आणि मी भीतीने चार दिवस पुलाखाली बसून काढले. मग पाचव्या दिवशी वाटलं आता काय जायचं. बाबा कामावर, त्यांना महिन्याने कळलं. मी वाट बघत होते असं नाही. पण शाळेतून कोणी आलं असतं तर दारात मीच होते.

माझ्या नावासमोर: स्थलांतरित. मी तेव्हा शाळेपासून तीन गल्ल्यांवर राहत होते. अजून दोन वर्षं राहिले.

अक्षर आत्याचं. तिचं कामच ते, दुसरं कोण लिहिणार. "त"ची शेपूट तिची अशीच लांब येते, भाजीच्या यादीतही.

रजिस्टराच्या मागच्या पुठ्ठ्यात एक वाळवी होती. बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

१४ सप्टेंबर, गुरुवार

एकतीस पत्ते वहीत उतरवून घेतले. ट्रकला एक दिवस आहे, तेवढ्यात चार घरं होतील.

१८ सप्टेंबर, सोमवार

ट्रक गेला की. घरं संपली नव्हती.

एकतीसपैकी पाच खरंच गेलेत. सात ठिकाणी कुलूप किंवा नवीन भाडेकरू. एकोणीस इथेच आहेत! इथेच! दोघं भाऊ न्हाव्याकडे केस झाडतात. एक बाटल्यांच्या वखारीत रंगाप्रमाणे काचा वेगळ्या करते, मला हिरव्यांतले तीन प्रकार शिकवले. तिथे माझा एक तास गेला. एक मुलगा शाळेच्या मागच्याच चाळीत. आजी अंथरुणाला, म्हणून घरी. खिडकीतून शाळेची घंटा ऐकू येते. म्हणाला, "मधली सुट्टी झाली की मीही खातो." 

मी प्रत्येकाला एकच विचारलं. शाळेतून कोणी विचारायला आलं होतं का?

बाटल्यांवालीची आई म्हणाली, "तूच पहिली. उशिरा आलीस, पण ये, बस."

परत जायला तयार किती? अकरा. बाकीच्यांनी खांदे उडवले. मला त्यांचा राग आला नाही, मीही उडवलेच असते.

संध्याकाळी फॉर्म मागून घेतला. पेन्सिलीचाच होता अजून. सातव्या मुद्द्याचा पाच खोडला आणि एक टाकला. शून्य टाकायचं होतं, पण मोजणी एकपासून आहे. तीनच्या खाली दिले तर कारण लिहावं लागतं. रकाना दोन ओळींचा. मी मागचं पान घेतलं आणि एकोणीस नावं पत्त्यांसकट लिहिली. आणि आठव्या ओळीत, जिथे सदस्याने ध्येय सुचवायचं असतं तिथे: "जो येत नाही त्याच्या घरी पाच दिवसांत कोणीतरी जाऊन विचारायचं. ही एकोणीस नावं रजिस्टरात परत घ्यायची, सहामाहीच्या आधी." 

पेन्सिलीने लिहायचा नियम आहे. मी पेनने लिहिलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

अध्यक्षांनी दुकानात बोलावलं. बसायला चांगली खुर्ची दिली, वेताची. माणूस वाईट नाही, हे लिहून ठेवते. वाईट असता तर बरं झालं असतं.

"हे बघ पोरी. टेबल डुगडुगत असलं की पायाखाली कागदाची घडी घालतात. स्थलांतरित हा शब्द म्हणजे तेवढाच. गळती दाखवली आणि सरासरी चारच्या खाली गेली, तर वरचं कार्यालय आठवी-नववी पलीकडच्या शाळेत नेणार. नदीपलीकडे. मग दोनशे मुलं स्थलांतरित होतील. खरीखुरी. चालेल तुला?"

मी खुर्चीच्या वेताची भोकं मोजायला लागले.

"आणि तुझी आत्या. डिसेंबरात तिची मुदतवाढ माझ्या टेबलावर येतेय." टेबल ठोकलं. "खोडरबर मी वापरला असता, पण तू पेन वापरलंस. नवीन फॉर्म घेऊन जा."

फॉर्म घेऊन आले. येताना एक माणूस दोरीने कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवत होता, तो फॉर्म हातात धरूनच बघितला.

आत्या बटाटे सोलत होती. सगळं सांगितलं.

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? मी फक्त लिहिते."

"तुझी नोकरी जाईल."

"माझ्या नोकरीचं ओझं तू घेऊ नकोस. तुझ्या अंगाला सवय नाही ओझ्याची." मग सालं गोळा करत म्हणाली, "वीस वर्षं जे सांगितलं ते लिहिलं. या खेपेला जे होईल ते लिहीन. एवढंच माझ्या हातात."

तिला म्हटलं, तू मोठी हुशार समजतेस स्वतःला. म्हणाली, "नाही गं. तसं असतं तर दहा वर्षांपूर्वीच..." आणि कुकरची शिट्टी झाली.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

पिशवी भरली. पुलापाशी गेले. ट्रक उभा होता, ड्रायव्हरने हात केला. नेमकं तेव्हा मला आठवलं, की बैठक जनतेला खुली असते असं नियमात आहे आणि तशी नोटीस लावावी लागते. ती कुठे लावलीय ते बघावं म्हणून शाळेत गेले. कोठीच्या खोलीत, दाराच्या मागे! म्हणजे दार बंद करून आत अंधारात उभं राहिलात तर वाचता येते.

काढली. इस्त्रीवालीच्या दुकानात लावली.

ट्रक चुकला. निव्वळ नोटिशीमुळे.

२५ सप्टेंबर, सोमवार

सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

बैठक चार वाजता. जनतेसाठी पाच खुर्च्या, नऊ वर्षांत त्यांवर कोणी बसलेलं नाही म्हणून एकीवर फायली. आज चाळीसएक माणसं आली. न्हावी दुकान बंद करून आला, दोघा भावांना घेऊन. बाटल्यांवाली आईबरोबर. वकीलबाई इस्त्री केलेल्या फ्रॉकमध्ये. तिची आई वाकडा हात पदराखाली झाकून. लोक भिंतीला टेकून उभे राहिले.

अध्यक्षांनी आत्याला विचारलं, "ही मंडळी कोण?"

"जनता," आत्या म्हणाली.

बारा मुद्द्यांतले सहा भराभर गेले. पाच, पाच, चार, पाच. सातवा आला. मी उभी राहिले. भाषण तयार केलं होतं, पहिलं वाक्यच विसरले. मग सरळ नावं वाचायला लागले, आणि ज्याचं नाव येई तो "हजर" म्हणायला लागला. मी सांगितलं नव्हतं. न्हाव्याकडच्या धाकट्याने सुरू केलं. आजीवाला मुलगा आला नव्हता, तर मागून कोणीतरी ओरडलं, "घरी आहे, पण हजर!" मास्तर जागे झाले आणि सवयीने म्हणाले, "सावधान!"

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे रजिस्टर मागवलं. मला वाटलं, झालं. जिंकलो. त्यांनी दहा वर्षं मागची पानं काढली.

"सदस्य गावचा रहिवासी हवा, असं परिपत्रकात आहे. रजिस्टरप्रमाणे या बाई दहा वर्षांपूर्वी स्थलांतरित. परत आल्याची नोंद नाही. सदस्यत्व अवैध. यांचे गुण मोजता येणार नाहीत, यांचं ध्येय विचारात घेता येणार नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं आणि माझ्या डोक्यात मीठ होतं, ढीगच्या ढीग पांढरं मीठ. मग वकीलबाईकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं कॉलरवरचा न जाणारा डाग बघावा.

"बरं," मी म्हणाले. "मग मताला टाका. मी गावात आहे का नाही. हात वर करा."

"असला ठराव नसतो."

"सदस्य काढायला ठराव लागतो," आत्या म्हणाली. मान वर न करता. "कलम चार."

अध्यक्षांनी हात वर केला. छापखानेवाल्या दोघांनी एकदम. औषधवाल्या काकांचा हात अर्ध्यावर अडकला.

"काका," मी म्हणाले, "परवा मला खोकल्याचं औषध कोणी दिलं?"

"दिलं बेटा. मीच दिलं." घाम पुसला. "अजून आहे का खोकला?" आणि हात वर केला!

लोक हसून लोळायचे बाकी होते. मास्तर म्हणाले, "माझ्या शेजारी बसून हिने माझा केक खाल्लाय. मी विरुद्ध." गणिताच्या बाईंनी हात वर केला, पण केस कानामागे सारले आणि खाली घेतला. भित्री बाई. तिच्याकडे बघवेना.

चार विरुद्ध एक. मी गावात नाही.

अध्यक्ष म्हणाले, "आता सातव्या मुद्द्याला पाच. ध्येय: गळती शून्य राखणे. पुढे."

तेव्हा मागून वकीलबाई. "एक विचारू?"

"जनतेने बोलायचं नसतं."

"मी जनता नाही. मी गावातच नाही, तुम्हीच ठरवलंय ना? आम्ही एकोणीस जण नाही. मग उद्या मी येऊन आठवीत बसले तर मला बाहेर कसं काढाल? जी नाहीच तिला काढणार कसं?"

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी टेबल ठोकलं. "बैठक संपली."

आत्याने इतिवृत्त पुढे केलं. त्यांनी नेहमीसारखी न वाचता सही केली. घरी येताना तिने मला वाचून दाखवलं: "सदस्य क्रमांक सात, ज्या तिसऱ्या खुर्चीपाशी उभ्या राहून बोलत होत्या, त्या गावात नाहीत असे चार विरुद्ध एक मतांनी ठरले. श्री. औषधविक्रेते यांनी सदर अनुपस्थित सदस्यांच्या खोकल्याची चौकशी केली."

"आत्या! हे काय लिहिलंस?"

"जे झालं ते."

मी पुलापर्यंत हसत होते. मग रडू आलं, ते कशाचं कळलं नाही. आत्याने फायलींची पिशवी माझ्या हातातून घेतली.

२६ सप्टेंबर, मंगळवार

अकरा जण गेले आणि बसले. आठवीत आठ, नववीत तीन. शिपायाने दारात अडवायचा प्रयत्न केला. वकीलबाईने विचारलं, "यादी दाखवा. मी आहे का त्यात?" म्हणाला, नाही. "मग कोणाला अडवताय?" शिपाई डोकं खाजवत बाजूला झाला.

मी आठवीच्या मागच्या बाकावर बसले. कोणीतरी पोरांजवळ असायला हवं म्हणून. बाकात गुडघे मावत नाहीत. पहिलाच तास गणिताच्या बाईंचा. त्यांनी हजेरी घेतली, आमच्याशिवाय. हजेरीपुस्तक मिटलं. फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि म्हणाल्या, "मागच्या बाकावरून कोण येतं?"

बाटल्यांवाली गेली. चुकली. बाई म्हणाल्या, "इथपर्यंत बरोबर आहे. इथून परत कर."

एवढंच. भित्री लिहिलं होतं काल. खोडत नाही, पेनने लिहिलंय.

२८ सप्टेंबर, गुरुवार

छापखानेवाले भाऊ ठरल्याप्रमाणे अहवालाच्या दोनशे प्रती छापून घेऊन आले. हातात दिलं की छापायचं, वाचायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता. चौथ्या पानावर खोकल्याची चौकशी. न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचतायत लोक.

अध्यक्ष आत्याकडे आले. मी दारामागे होते.

"हे काढा."

"काढते की. दुरुस्तीचा ठराव लागेल. की त्या बाई गावात होत्या. मग रजिस्टरातली नोंद चूक ठरेल. मग बाकीच्यांच्याही बघाव्या लागतील."

टेबल दोनदा ठोकलं गेलं.

"डिसेंबर लांब नाही," अध्यक्ष म्हणाले.

"नाही," आत्या म्हणाली. "थंडीचे कपडे काढलेत मी."

२९ सप्टेंबर, शुक्रवार

मधल्या सुट्टीत अध्यक्ष स्वतः आले. इस्त्रीवालीला बोलावून घेतलं, वकीलबाईला आणि मला कोपऱ्यात नेलं. थकलेले दिसत होते.

"हिचं एकटीचं नाव दुरुस्त करतो. लेखनातली चूक म्हणून. आजच. परीक्षेला बसू दे पोरीला."

आईने मुलीकडे बघितलं. डोळे भरून आले होते तिचे. मी, खरं लिहायचं तर, मनात म्हणत होते, घे. घे बाई. मिळतंय ते घे.

"आणि बाकीचे दहा?" वकीलबाई.

"पुढल्या वर्षीच्या ध्येयांत घालू."

"मग माझंही तिथेच घाला."

"अगं कार्टे!" आई म्हणाली. "एवढं घरी चालून आलंय..."

"आई, तू म्हणालीस ना, एक बाही इस्त्री करून शर्ट कोणी देत नाही."

"ते शर्टाचं म्हणाले होते!"

आई तिला मारायला धावली आणि मध्येच थांबून तिला धरलं, वाकड्या हाताने. अध्यक्ष बघत राहिले. जाताना दाराची चौकट ठोकली. पोकळ आवाज आला. त्यांनाही आला असणार.

आज शुक्रवार होता, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सहामाही. पहिला पेपर गणित, आठवी-नववी एकाच वर्गात.

वकीलबाईने तीन पेन्सिली तासून आणल्या होत्या आणि सारखी त्यांची टोकं बघत होती. नावं रजिस्टरात नाहीत, पेपर मोजतील का माहीत नाही. वरचं कार्यालय काय करेल माहीत नाही. नदीपलीकडे नेतील का, तेही नाही. आत्याचंही नाही. काल विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, "वाटते. तुझी भाजी संपव."

बाई प्रश्नपत्रिका घेऊन आल्या, मोजल्या. शिपायाला म्हणाल्या, "बारा जास्त आणा. आठवीच्या नऊ, नववीच्या तीन."

"कोणासाठी? यादीत तर कोणी नाही."

"म्हणून तर जास्त म्हटलं."

माझा हिशेब अकराचा होता. मागे वळून बघितलं, कोण राहिलंय म्हणून. मागे भिंत होती.

शिपाई गेला तो अध्यक्षांनाच घेऊन आला. ते दारात उभे राहिले, हातात यादी. बाईंनी उत्तरपत्रिका वाटणं थांबवलं नाही.

"बाई, हे नियमात बसत नाही."

"वीस मिनिटं झाली की कोणाला आत घेता येत नाही, आणि सुरू झाल्यावर कोणाला उठवता येत नाही. हेही नियमातच आहे." बाईंनी घड्याळ बघितलं. "मुलांनो, सुरू करा. अध्यक्ष, परीक्षा चालू झाली. दार लावून घ्या."

ते आमच्याकडे बघत राहिले. एकेक बाक. बहुतेक मोजत होते. मग त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरून.

वकीलबाईने हात वर केला. "बाई, आसन क्रमांकाच्या जागी काय लिहू? मला नाही."

"नाव लिही. पूर्ण."

बारा जणांनी खाली मान घातली. मीही लिहिलं. माझं नाव त्या रकान्यात मावेना, रेघेबाहेर गेलं, जाऊ दिलं.

पहिलं उदाहरण आलं नाही. दुसरं येत होतं.